जड पाण्याच्या नावावर बुकिंग

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय. आमच्या वाडीच्या ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकलाय, ‘पाण्यापासून फुकट वीज, 1989 लाच शोध लागला, बड्या कंपन्यांनी दाबला’. खाली बुकिंगचा नंबर. आणि त्याखाली शिकल्यासवरलेल्या माणसांचे जोडलेले हात!

कुणी दाबला हो? 23 मार्च 1989 ला अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात पॉन्स आणि फ्लाइशमन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी चक्क पत्रकार परिषद घेतली. जड पाण्यात (साध्या हायड्रोजनऐवजी त्याचा जड प्रकार असलेल्या पाण्यात) पॅलेडियम धातूची कांडी ठेवून वीज सोडली की घातल्यापेक्षा जास्त उष्णता निघते, आणि ती अणूंच्या संमीलनाची, म्हणजे हलक्या अणूंची केंद्रकं एकमेकांत मिसळण्याची, असं म्हणाले. जगभरचे लोक हातातली कामं टाकून त्यामागे लागले. आपल्या ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्रात पी. के. अय्यंगार संचालक असताना, प्रयोग झाले. न्यूट्रॉन, ट्रिटियम या संमीलनाच्या खुणा दिसल्याचं त्यांनी छापलंही. पण इतरांनी करून पाहिलं तर बहुतेकांच्या हाती काही लागेना. आणि तेवढी उष्णता खरंच नेहमीच्या संमीलनातून आली असती, तर न्यूट्रॉनांच्या माऱ्याने त्या खोलीतलं कुणी वाचलं नसतं.

माझ्या काकाला हे कोण सांगणार होतं? निसर्ग वादळात श्रीवर्धनची त्याची रोठा सुपारीची बाग आडवी झाली. विजेचे खांब झोपलेले, विहिरीवरचा पंप बंद. अशात एक जण गोड बोलत ओटीवर आला. म्हणे, ‘अलिबागजवळ थळला सरकार जड पाणी बनवतं ना, तेच आमच्या मशीनमध्ये.’ थळचा कारखाना खरा, म्हणून काकाला सगळंच खरं वाटलं. त्याने बागेच्या नुकसानभरपाईतून ॲडव्हान्स दिला. मशीन आलं नाही.

अय्यंगारांवर किंवा त्या दोघांवर माझा राग नाही. त्यांनी काय केलं ते मांडलं, लोकांनी तपासलं. हा विषय नुसता हसण्यावारी न्यायचा नव्हता, हेही कबूल. 2015 पासून गूगलने सुमारे 1 कोटी डॉलर घालून तो पुन्हा तपासून घेतला. 2019 ला ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात निकाल आला की संमीलनाचा पुरावा नाही. अजून कुणाला शोधायचं असेल तर जरूर शोधावं, आपल्या खर्चाने.

पण माझ्या काकाच्या पैशाने नाही! पडलेल्या पोफळींकडे बघत बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला विज्ञानाचं नाव सांगून लुबाडायचं, याला काय म्हणायचं? काकी आजही त्या पैशाचा विषय निघाला की उठून आत जाते. काका गप्प बसतो. गावात बोभाटा नको म्हणून तक्रारही केली नाही त्याने. आणि त्याच वाडीतली पोरं आज तोच माल फॉरवर्ड करतायत.

श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगडकडे कुणाकडून असे पैसे गेले असतील तर मला मेसेज करा. पावती असेल तर जपून ठेवा, नसेल तरी या. काकाला मी तयार केलंय, सगळे मिळून पोलीस ठाण्यात जाऊ.