साडेचारशे ग्रॅमचा अर्धा किलो

सांगलीत माझं भडंगाचं लहानसं दुकान आहे. परवा एका गिऱ्हाइकानं सगळ्यांसमोर विचारलं, "जीएसटी उतरला, तुमचा दर का नाही उतरला?" उत्तर तेव्हाच द्यायला हवं होतं, पण काउंटरवर गर्दी होती. म्हणून इथं लिहितोय.

22 सप्टेंबर 2025 पासून पॅकबंद फरसाणावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, हे खरं. पण आम्ही कंपोझिशनवाले, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटी योजनेतले. बिलात कर लावायची परवानगीच नाही, उलाढालीवर 1 टक्का आमच्या खिशातून जातो. तेलावर 5 टक्के होता, तेवढाच राहिला. मग दरातून काय वजा करू?

इथवर माझी बाजू झाली. आता उरलेलं.

14 सप्टेंबर 2024 ला कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं आयात शुल्क उपकरांसह साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्के झालं. जुना साठा संपेपर्यंत दर वाढवू नका, असं सरकारनं कंपन्यांना बजावलंही. तरी सोमवारी गणपती पेठेत गेलो तर पंधरा किलोचा डबा महागलेला. गोदामातला माल जुनाच! मी भांडलो. व्यापारी शांतपणे म्हणाला, "मालक, हा डबा जुन्या भावानं दिला, तर आलेल्या पैशात मला उद्या नवा डबा येईल का?" राग आला, पण बोलणं चुकीचं नव्हतं. धंद्यात मालाचा भाव मागच्या खरेदीवर नाही, पुढच्या खरेदीवर ठरतो.

त्याच वर्षी लसूण किलोला 400 च्या वर जाऊन आला होता. लसणाशिवाय भडंग म्हणजे नुसते तिखट चिरमुरे. शेवटी मी काय केलं? 120 रुपयांचा दर तसाच ठेवला आणि अर्ध्या किलोची पुडी 450 ग्रॅमची केली. वजन छापलं होतं, बारीक अक्षरात. कायद्यानं चोख.

आमच्या एक जुन्या गिऱ्हाईक आहेत, निवृत्त शिक्षिका. त्या घरून स्टीलचा डबा आणतात. आमची पुडी ओतली की डबा गळ्यापर्यंत भरायचा. त्या दिवशी दोन बोटं रिकामा राहिला. बाईंनी डबा हलवला, परत बघितलं. "चिरमुरे बसले असतील," म्हणाल्या. मी मान डोलावली. ती मान डोलावणं मला अजून टोचतं.

पुढच्या महिन्यात पुन्हा अर्धा किलो केला, दर 135, पाटीवर ठळक. काही दिवस विक्री घटली, मग रुळावर आली. दहाच्या पुडीत मात्र वजनच कमी करावं लागतं. अकरा रुपये कोण सुटे देणार? पण मोठ्या पुडीत वजन मारणं मला तरी लबाडी वाटते.

मे 2025 अखेरीस कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क साडेसोळा टक्क्यांवर आलं. तेव्हा मी दर उतरवला? नाही. कामगारांची मजुरी वाढवली होती, हे खरं. पण दर चढवायला मला एक महिना लागला आणि उतरवायचं वर्षभर सुचलं नाही, हेही खरंच.

सोमवारपासून अर्धा किलो 130. बाई, डबा घेऊन या.