काका, समन्स घेणं म्हणजे जागा बळकावणं नव्हे

काका, घर खाली करायच्या दाव्यात भाडेकरूने काय करावं यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'कोर्टात कसं टिकायचं ते भाडेकरूंना शिकवून तुम्ही म्हाताऱ्या वाडामालकांच्या पोटावर पाय देता. माझ्या कसब्यातल्या वाड्यात तीन बिऱ्हाडं दीडशे रुपयांत राहतात आणि कौलं मी शाकारायची,' असं तुम्ही लिहिलंत. दीडशे रुपयांत कौलं शाकारून होत नाहीत, हे अगदी खरं. कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ मिळते, तीही एवढ्याशा भाड्यावर. तुमचा राग मला कळतो.

पण दावा वीस वर्षं लांबवणाऱ्यांसाठी मी तो लेख लिहिलाच नव्हता. दावा म्हणजे काय हे कळायच्या आत जे हरतात, त्यांच्यासाठी लिहिला.

आमचंच सांगते. पुण्यात नाना पेठेत आमच्या दोन भाड्याच्या खोल्या होत्या, वडील हमाली करायचे. मालकांनी भाडं घेणं थांबवलं. वडील पैसे घेऊन जायचे आणि 'पुढच्या महिन्यात बघू' ऐकून परत यायचे. मग थकबाकीची नोटीस आली, मागून दावा. कोर्टाचा बेलिफ समन्स घेऊन आला तेव्हा वडिलांनी सही केली नाही. सही केली की घर गेलं, असं गल्लीत कुणीतरी त्यांच्या मनात भरवलं होतं. बेलिफ कागद दाराला डकवून गेला. खळ ओली असतानाच वडिलांनी तो ओढला, तर मधला तुकडा फळीवरच राहिला. त्यावरचं आमचं आडनाव कितीतरी दिवस वाचता येत होतं. हुकूमनामा एकतर्फी, म्हणजे आमची बाजू न ऐकताच झाला. आईच्या पत्र्याच्या डब्यात अकरा वर्षांच्या भाडेपावत्या होत्या, त्यातली एकही कोर्टापुढे गेली नाही.

आता महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ काय म्हणतो बघा. कलम १५ नुसार थकबाकीची नोटीस पोचल्यावर ९० दिवस मालकाला त्या कारणासाठी दावाच लावता येत नाही. दावा लागला तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने सगळी थकबाकी १५ टक्के सरळव्याजाने कोर्टात भरली, दावा संपेपर्यंत भाडं भरत राहिला आणि कोर्ट सांगेल तो खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याला घराबाहेर काढता येत नाही. काका, यात मालकाचं काय बुडालं? त्याचे पैसे तर व्याजासकट वसूल झाले. माझ्या वडिलांना एवढं कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी आईच्या पाटल्या मोडून ते भरले असते.

म्हणून मी सांगते: समन्स घ्या, मिळाल्याची तारीख पाठीमागे लिहून ठेवा आणि त्याच आठवड्यात शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईमाणूस असेल तर उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातींनाही तसाच. बाकीच्या बहुतेकांना वर्षाचं उत्पन्न ३ लाखांच्या आत लागतं. कैफियत, म्हणजे दाव्याला आपलं लेखी उत्तर, वेळेत दाखल झाली तर निदान पावत्या कुणीतरी बघतं.

उद्या तुमच्या मुलाला खरोखर जागा लागली, तर तो वेगळा दावा. तिथे कोर्ट दोघांची अडचण तोलतं, आणि अर्ध्या जागेत भागत असेल तर तेवढ्याचाच हुकूम करू शकतं.

'अकरा महिन्यांच्या करारावर राहणारेही आता हटून बसतील,' हे मात्र मला पटत नाही. अशा लीव्ह अँड लायसन्स कराराची मुदत संपली की बचावाला फारसा वाव उरत नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगते. अशी प्रकरणं ऐकणाऱ्या सक्षम प्राधिकाऱ्याचं समन्स आल्यावर ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतर राहिल्याबद्दल करारातल्या रकमेच्या दुप्पट रक्कम अंगावर येते. त्यांनी आधीच दुसरी खोली बघावी. पण म्हणून त्यांचं नळाचं पाणी तोडायचं किंवा परस्पर कुलूप बदलायचं, हे कुणालाही चालणार नाही. कलम २९ पाणी-वीज तोडू देत नाही, आणि जबरदस्तीने बाहेर काढलेल्याला सहा महिन्यांत ताब्यासाठी दावा लावता येतो.

एक चूक तुम्ही बरोबर पकडलीत. थकबाकी एकदा भरली की झालं, असा माझ्या लेखातल्या त्या वाक्याचा अर्थ निघत होता. पुढचं भाडं चुकलं तर हे संरक्षण जातं, हे त्यात नव्हतं. आज सकाळी ते वाक्य दुरुस्त केलं.