परकराची नाडी

माझा स्टोमा बरोबर परकराच्या नाडीखाली आला आहे.

मार्चमध्ये गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि कायमची कोलोस्टॉमी करावी लागली. म्हणजे मोठ्या आतड्याचं टोक पोटावर डाव्या बाजूला बाहेर काढून शिवलंय, त्या तोंडालाच स्टोमा म्हणतात आणि त्यावर बॅग चिकटवायची. डॉक्टरांनी माझा जीव वाचवला, ते ऋण मी कधी विसरणार नाही. तरीही हे लिहितेय, कारण उद्या तुमच्या घरात कुणावर ही वेळ आली तर तुम्हाला माहीत असायला हवं.

ऑपरेशनची तारीख तीन आठवडे आधी ठरली होती. तेवढ्या दिवसांत मला एकदाही कुणी बसवून, उभं करून, वाकायला लावून पोट बघितलं नाही. खरी पद्धत अशी आहे की स्टोमा नर्स आधीच बघते: घड्या कुठे पडतात, कपडा कुठे बांधला जातो, पेशंटला स्वतःला ती जागा दिसते का. मग पेनाने खूण करते. पाच-दहा मिनिटांचं काम. तातडीच्या ऑपरेशनला वेळ नसतो, हे मला कळतं. माझं तातडीचं नव्हतं.

बॅग मी सकाळी चहाच्या आधी बदलते, तेव्हा पोट शांत असतं. आरसा, कोमट पाणी, कापूस, मापाचं कार्ड, कात्री. बॅगेच्या चिकट चकतीत स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठं भोक कापायचं, जास्त नाही. स्टोमा लालबुंद, ओला, गालाच्या आतल्या बाजूसारखा. पहिल्यांदा हात लावताना श्वास रोखला होता. पण दुखत नाही, दुखणं कळवणाऱ्या नसा तिथे नसतातच. आत्याने प्रेमाने खोबरेल लावायला सांगितलं होतं. लावू नका. तेलावर बॅग धरत नाही.

उभी असते तोवर सगळं ठीक. मांडी घालून पोळ्या लाटायला बसले की तिथे वळी पडते आणि चकतीची कड उचलली जाते. वरून नाडीचा दाब, त्यामुळे शी खाली बॅगेत न उतरता तिथेच साठते आणि कडेने बाहेर झिरपते. कातडी सोलवटते, मिरची लागल्यासारखी आग होते. चार दिवस चालणारी बॅग मला दोन दिवसांत काढावी लागते. २०२२ च्या जुलैत या सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, चांगलंच झालं. पण बॅगाच दुप्पट लागतात तिथे तेवढ्याने काय भागणार?

गौरीजेवणाला जाऊबाईंकडे पाटावर बसले होते. वरणभात वाढून झाला आणि कमरेला ऊब जाणवली. मी ताटावरून उठले. बायका बघत राहिल्या. जाऊबाई पाठोपाठ आल्या, काही विचारलं नाही. बादलीत गरम पाणी काढलं, माझी हिरवी साडी हातातून घेतली आणि स्वतःचा गाऊन दाराच्या फटीतून आत दिला. मी बाहेर आले तेव्हा माझं पान टेबलावर मांडलेलं होतं आणि शेजारी त्या स्वतः जेवायला बसल्या होत्या.

त्यानंतर मी शोधाशोध केली. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलसारख्या ठिकाणी वेगळं स्टोमा क्लिनिक असतं, हे मला सहा महिन्यांनी कळलं! दुसऱ्या एका शहरातल्या स्टोमा नर्सने व्हिडिओ कॉलवर पोट बघितलं, मधे फुगीर असलेली चकती आणि वर पट्टा सुचवला. नाडीचे परकर बंद केले, आता रुंद इलॅस्टिकचे शिवून घेतलेत. गळती बरीच कमी झाली. जागा मात्र आता तीच राहणार.

पुढच्या आठवड्यात भाचीच्या सासऱ्यांचं असंच ऑपरेशन आहे. ते धोतर नेसतात. मी भाचीला सांगितलंय, दवाखान्यात जाताना धोतर बरोबर ने, त्यांना ते नेसवून खाली बसव आणि खूण केल्याशिवाय पुढे जाऊ नका म्हणावं.