"पोराला तासभर उन्हात बसवलं" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ. तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि झोप लागली नाही. तुमच्या मुलावर मी सगळ्यांसमोर ओरडलो, हे खरं आहे. ओरडायला नको होतं. त्याची आणि तुमची, दोघांचीही माफी मागतो.

पण "उशिरा आला म्हणून तासभर भर उन्हात बसवलं" असं तुम्ही लिहिलंय, तसं झालेलं नाही. मर्चंट नेव्हीच्या तयारीला आमच्याकडे तीन तालुक्यांतली पोरं येतात. एप्रिलमध्ये वर्ध्याचं ऊन काय असतं हे मला चांगलं माहीत आहे, म्हणूनच मैदानावरचं काम पहाटे साडेपाचला सुरू करून आठच्या आत संपवतो. त्या दिवशी तो सहाला आला. त्याची एसटी उशिरा लागली होती, त्यावरून मी एक शब्द बोललो नाही, त्यालाच विचारा. तो बसला ७ वाजून १० मिनिटांनी आणि उठला ७ वाजून ३५ मिनिटांनी, कडुनिंबाखाली, पाण्याच्या माठाशेजारी. पंचवीस मिनिटं. सरावाच्या वहीत वेळ लिहिलेली आहे, कधीही येऊन पाहा.

बसवलं कशासाठी, तेही सांगतो. त्या दिवशी बंद टाकीचा सराव होता. आवारात पाण्याची जुनी, कोरडी टाकी आहे. तिची दोन्ही झाकणं आदल्या दिवशीच उघडतो, सकाळी मीटरनं आतली हवा मोजतो, आधी आमचे एक सर उतरतात. मग एक मुलगा आत बेशुद्ध पडल्याचं सोंग करतो. तुमचा मुलगा झाकणापाशी राखणीला होता. त्याचं काम एवढंच की वरूनच आवाज देऊन माणसं बोलवायची, स्वतः उतरायचं नाही. दोनदा समजावून सांगितलं होतं. पण दोस्त पडलेला दिसला अन् यानं दोर न बांधता सरळ आत उडी घेतली. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "काहून उतरला रे? आता दोघं मेले!" हे त्याला लागलं असणार.

भाऊ, तुम्ही शेतकरी आहात. जुन्या विहिरीत गाळ काढायला एक जण उतरतो, कोसळतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, मग बाप. अशा बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. जहाजावर अगदी असंच होतं. बंद टाकीचं लोखंड गंजतं ते आतला ऑक्सिजन खाऊन. जहाजाच्या कोळसा भरलेल्या बंद खणातही, कोळसा आपल्या वणीचा असो की परदेशातला, ऑक्सिजन असाच कमी होतो. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. आत घटला तर ना वास येत, ना धूर दिसत, माणूस शिडीवरच गळून पडतो. म्हणून १ जानेवारी २०१५ पासून जगभरच्या जहाजांना नियम लागू झाला, की ज्यांच्यावर टाकीत उतरायचं किंवा सुटकेचं काम असतं, त्यांनी दर दोन महिन्यांनी हा सराव करायचाच. मी सतरा वर्षं जहाजावर काढली, शेवटची सहा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, म्हणून. टाकीतून वर ओढलेल्या एका खलाशाचे पाय मी या हातांनी धरले आहेत. तो दुसऱ्याला वाचवायला उतरला होता. तुम्ही या सरावाला "टाकीत उतरवायची नाटकं" म्हटलं, ते फार लागलं.

सर्टिफिकेट दिलं नाही, हेही लिहिलंय. ते देण्याचा अधिकार आम्हाला नाही आणि आम्ही तसं कधी सांगितलंही नाही. जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार हे कोर्स केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाची मान्यता असलेल्या संस्थेतच होतात. आम्ही पोरांना तिथं टिकण्यापुरतं तयार करतो. पावतीच्या मागेच तसं छापलंय. "नोकरी पक्की" म्हणत लाखो रुपये घेऊन गायब होणारे एजंट आपल्या भागात फिरतात, त्यांच्या रांगेत आम्हाला बसवू नका एवढी विनंती. अडीच महिन्यांचे ९,००० रुपये घेतो, त्यात दोर, हातमोजे, हेल्मेट आलं. या एका रिव्ह्यूनंतर दोन पालकांचे फोन आले, जूनची बॅच आधीच अर्धी आहे.

तुमचं एक म्हणणं मात्र मान्य, त्या दिवशी तुमचा फोन उचलला गेला नाही. यापुढे सरावाच्या वेळीही फोनजवळ कुणीतरी राहील, आणि उशिरा पोचणाऱ्या एसटीच्या पोरांसाठी वेळेचंही काहीतरी बघतो. मुलाला पाठवायचं नसेल तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत देतो. पाठवायचं असेल तर पुढच्या रविवारी तोच सराव पुन्हा आहे. त्याला झाकणापाशीच उभा करीन, आणि तुम्हीही बाजूला उभं राहून बघा.

त्याचे हातमोजे ऑफिसात ठेवले आहेत.

— संचालक