गॅस गिझर ‘पाच मिनिटांत’ पेटवणाऱ्या मेसेजला उत्तर

मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘गॅस गिझर पेटत नाही? मेकॅनिकला पैसे देऊ नका, पाच मिनिटांत घरीच दुरुस्त करा.’ त्यात सहा उपाय आहेत. सेल बदला, तरी पेटला नाही तर लायटर लावा, ज्योत पिवळी दिसली तर घाबरू नका, दमट हवेचा परिणाम आहे, मध्येच विझत असेल तर खिडकी लावून घ्या, पाइप गॅस आला तर नुसती नळी बदला, आणि काहीच जमलं नाही तर सेन्सरच्या वायरी एकमेकींना जोडून टाका. यातला पहिला उपाय अर्धा बरोबर आहे. बाकीचे वाचून असं वाटतं की लिहिणाऱ्याने गिझरचं झाकण कधी उघडलेलंच नाही. बऱ्याचदा गिझर मुद्दाम पेटत नाही किंवा मुद्दाम विझतो. तो का अडलाय हे बघायचं सोडून त्याला जबरदस्तीने पेटवायचं, असा सगळा प्रकार आहे.

‘सेल बदला.’ जरूर बदला, पण आधी कान द्या. नळ सोडल्यावर टिकटिक ऐकू येते का? येत नसेल तर दोन शक्यता: सेल गेलेत, किंवा पाण्याला जोर नाही. आत पाण्याच्या दाबाने एक रबरी पडदा सरकतो, तो स्विच दाबतो आणि मग ठिणगी पडते. मुंबईत ही दुसरी शक्यता फार मोठी, कारण पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं. दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार (दाब मोजायचं एकक) इतका दाब मिळतो. म्हणजे दुसऱ्या मजल्यावर गिझर झकास चालतो आणि टाकीच्या थेट खाली, शेवटच्या मजल्यावर, तोच गिझर ढिम्म बसतो. तिथे कितीही सेल घाला. शॉवरऐवजी बादलीचा नळ पूर्ण सोडून बघा. पेटला, तर शॉवरची भोकं क्षाराने बुजलेली आहेत. सोसायटीने टाकी धुतल्यावर अडचण सुरू झाली असेल, तर गिझरच्या पाण्याच्या तोंडाशी असलेली जाळी गाळाने भरली असणार.

सेलचं म्हणाल तर मोठे, दीड व्होल्टचे दोन, दोन्ही एकाच वेळी नवे. चार्जिंगचे १.२ व्होल्टचे घातले की तीनऐवजी २.४ व्होल्ट मिळतात, आणि मग टिकटिक झाली तरी गॅसचा व्हॉल्व्ह उघडेलच असं नाही. पावसाळ्यानंतर सेलच्या खोबणीतल्या पट्ट्यांवर हिरवट गंज चढलेला असतो. पॉलिश पेपरने घासला की बऱ्याच तक्रारी मिटतात.

‘लायटर लावा.’ व्हॉल्व्ह उघडलाच नसेल तर लायटर काय पेटवणार? आणि उघडत असेल, तर पुन्हा पुन्हा नळ सोडताना दर खेपेला थोडा गॅस बाहेर पडलेला असतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. पाइपचा हलका, तो वर छताकडे जातो. आपल्याकडच्या वावभर बाथरूममध्ये भडका उडायला तेवढा पुरे. दोन-तीनदा पेटला नाही तर थांबा, खिडकी उघडा. नवा सिलिंडर लावल्यावर नळीतली हवा निघायला क्षणभर लागतो, एवढीच सूट.

‘पिवळी ज्योत दमट हवेमुळे.’ मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ हीच. समुद्राजवळ हवेतल्या मिठाने किंवा धुळीने निळ्या ज्योतीत नारिंगी ठिणग्या चमकून जातात, ते खरं. पण ज्योतीची टोकं सतत पिवळी आणि लांबट राहत असतील, वरच्या तांब्याच्या पातींवर काजळी धरत असेल, तर बर्नरला हवा पुरत नाहीये. बर्नरच्या तोंडाशी धूळ, कोळ्याचं जाळं, किंवा पाती चोंदलेल्या. अशा अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. आंघोळ करताना डोकं जड होतं, मळमळतं आणि बाहेर आल्यावर बरं वाटतं, असं होत असेल तर गिझर त्याच क्षणी बंद करा.

‘विझत असेल तर खिडकी लावा.’ नेमकं उलटं. बंद खोलीत गिझर स्वतःचाच धूर परत ओढतो. ऑक्सिजन कमी होतो, ज्योत ढळते आणि विझते. मग माणूस पुन्हा पेटवतो. निळी ज्योतही कोंडलेल्या हवेत फार वेळ निळी राहत नाही. बाल्कनीत वाऱ्याने विझत असेल तर गिझरची जागा बदला, खिडकीला हात लावू नका. गिझर बाथरूमच्या बाहेरच हवा. शिवाय बरीच मॉडेल साधारण वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात. तो बिघाड नव्हे.

‘पाइप गॅसला नुसती नळी बदला.’ दोन्ही गॅसचा दाब वेगळा, उष्णता वेगळी. बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या तोटीचं, म्हणजे जेटचं, भोक सिलिंडरच्या गॅससाठी बारीक असतं, पाइपच्या गॅसला मोठं लागतं. नुसती नळी बदलली तर ज्योत मरतुकडी राहते. जेट बदलावे लागतात, आणि ते गॅस कंपनीच्या किंवा गिझर कंपनीच्याच माणसाकडून.

‘सेन्सरच्या वायरी जोडा.’ ज्योत ओळखणारी काडी ज्योत दिसत नाही म्हणूनच गॅस तोडते. पेटून काही सेकंदांत विझत असेल तर बहुधा तिच्यावर काजळी असते. गॅस बंद करून, कोरड्या पॉलिश पेपरने हलकेच पुसली की झालं. तिची वायर काढलीत तर गिझर पेटलेला अजिबात राहणार नाही. जास्त तापल्यावर बंद करणाऱ्या स्विचच्या वायरी जोडल्या तर मात्र तो चालेल, आणि आत पाणी उकळेपर्यंत चालेल.

गॅसचा वास आला तर यातलं काहीच करू नका. दिव्याचं बटण दाबू नका, गॅसचा कॉक बंद करा, खिडक्या उघडा, घराबाहेर पडा. सिलिंडर असेल तर बाहेरून १९०६ लावा, पाइप गॅस असेल तर बिलावर छापलेला आपत्कालीन नंबर.