तोंड वाकडं न करणारं दुकान

ऑनलाइन खरेदीतलं मला सगळ्यात जास्त काय आवडतं, तर तिथे कोणी तोंड वाकडं करत नाही. स्वस्ताई, डिस्काउंट वगैरे सगळं त्यानंतर.

दादरला साडीच्या दुकानात बसलं की समोरचा माणूस एकामागून एक साड्या उलगडत जातो. "घेऊ नका हो, बघा तर खरं!" मध्येच थंड मागवतो. साड्यांचा ढीग वाढत जातो तसा आपल्याच पोटात गोळा येतो, की आता इथून उठायचं कसं? मग भिडेखातर एक घ्यायची आणि लोकलमध्ये घरी येईपर्यंत मनातल्या मनात तिला नावं ठेवायची. माझ्या कपाटात अशा भिडेच्या साड्यांचा स्वतंत्र कप्पा आहे. ड्रेसच्या दुकानात तर वरपासून खालपर्यंत बघून "तुमच्या साईझमध्ये नाही येणार, ताई" हे अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात. केमिस्ट सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून वर काळ्या पिशवीत घालतो, जणू चोरीचा माल आहे.

ॲपला यातलं कशाचंच काही पडलेलं नाही. डबल एक्सेल मागवा, रात्री दोनला मागवा, नको असेल तर परत करा. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी वाचत मोठे झालेलो आपण. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे, पण गल्ल्यावरच्या काकांना हे सांगून बघा! ॲपवर 'आवडलं नाही' एवढं कारण निवडलं तरी बहुतेक वेळा कपडे परत न्यायला माणूस दारात हजर. नवरा म्हणतो, तुला खरेदीपेक्षा परत करण्यातच जास्त मजा येते. येते! इतक्या वर्षांचा बॅकलॉग आहे.

पण जे दुकान तोंड वाकडं करत नाही, ते "हे घेऊ नका" असंही कधी म्हणत नाही. पडद्याचं कापड घ्यायला गेले होते, तर रानडे रोडवरचे एक दुकानदार म्हणाले, "खिडकी पश्चिमेची ना? मग हे नको, उन्हाने विटेल." आणि महागातला तागा उचलून बाजूला ठेवला. ॲपवर असं सांगणारं कोण? रिव्ह्यू वाचावेत, तर "पॅकिंग छान आहे, अजून वापरलं नाही" आणि पाच तारे.

उलट घाई मात्र सतत. "फक्त २ शिल्लक!" दुसऱ्या दिवशी बघा, दोनच शिल्लक असतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ प्रकारच्या युक्त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. खोटी घाई करणं, न मागितलेली वस्तू किंवा देणगी बिलात सरकवणं, खरी किंमत शेवटच्या पायरीपर्यंत लपवणं, सगळं त्यात आहे. तरी परवा माझ्या बिलात कुठल्याशा दानाचे पैसे आधीच टिक होऊन बसले होते. दान मी करते, पण मला विचारून.

आणि ते दहा मिनिटांत डिलिव्हरीचं खूळ! मुंबईला घरपोच माल नवा नाही. डबेवाल्यांचा इतिहास १८९० पासूनचा सांगतात. वाण्याला फोन केला की त्याच्याकडचा मुलगा अंडी-पाव घेऊन यायचाच. पण मला जास्त आठवते ती १९७५ साली सुरू झालेली मुंबई ग्राहक पंचायत. आमच्या पार्ल्याच्या जुन्या बिल्डिंगमध्ये आईचा ग्राहक संघ होता. महिन्याची यादी आधी भरून द्यायची. सगळ्यांचा माल एकत्र यायचा, मग बायका जमून वाटप करायच्या. साखर किती लागेल, पाहुणे कोण येणार, दिवाळीचा रवा-बेसन किती, याचा हिशोब आई महिनाभर आधी करायची. मी आज संध्याकाळी काय खायचं हे संध्याकाळी ठरवते, आणि कोथिंबीर विसरले म्हणून एक माणूस भर पावसात एस. व्ही. रोडवरच्या खड्ड्यांतून स्कूटर हाकतो. दहा मिनिटांत कोथिंबीर न मिळाल्याने आजवर कोणाची आमटी अडलेली नाही. २०२५ च्या डिसेंबरअखेरीला डिलिव्हरी कामगारांनी संप केला, जानेवारीत केंद्रीय कामगारमंत्र्यांनी कंपन्यांशी बोलणी केली, आणि ब्लिंकिटच्या जाहिरातीतून 'दहा मिनिटं' गेली. जाहिरातीतून गेली. आपल्या डोक्यातून जायला हवीत, कारण अकराव्या मिनिटाला ॲप उघडून "कुठे पोचला हा?" बघणारे आपणच.

आणि मग तो येतो, आणि आपल्या टॉवरच्या गेटवर अडतो.

आमच्याकडे लिफ्टबाहेर पाटी आहे: 'डिलिव्हरी बॉईजनी सर्व्हिस लिफ्ट वापरावी'. ही सर्व्हिस लिफ्ट बऱ्याचदा बंद असते आणि चालू असते तेव्हा तिच्यात कुणाच्या तरी फ्लॅटच्या रिनोव्हेशनच्या टाईल्स असतात. त्याआधी वॉचमनचं रजिस्टर, मग फोन, मग ओटीपी. पाण्याचे कॅन घेऊन जिन्याने वर येणारा माणूस मी पाहिला आहे. त्याला पाणी विचारलं तर "नको मॅडम, लेट होईल" म्हणाला. दुकानात जी भीड वाटायची, ती मला आता इथे वाटते, आणि खरं तर इथेच वाटायला हवी. कुठल्याही कुरिअरवाल्याने "विकत घ्या ना, ताई" म्हणून आपल्याला कधी भरीला पाडलेलं नाही. बोलावणारे आपण, आणि आपल्याच लिफ्टमध्ये त्याला बंदी? कारण विचारलं तर "जेवणाचा वास येतो" म्हणे. वास ज्या बिर्याणीचा येतो, ती खाणार कोण?

येत्या रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. पाटी काढावी असा विषय मी लेखी दिलाय. सेक्रेटरींनी "बघू" म्हटलंय, म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून दुसरा ठरावही लिहून ठेवलाय: पाटी ठेवायची असेल तर ठेवा, पण मग प्रत्येकाने गेटपर्यंत खाली उतरून आपलं पार्सल स्वतः घ्यायचं, आणि वर जाताना सर्व्हिस लिफ्टच वापरायची. सह्यांसाठी मी दारोदार फिरणार आहे. ई विंगवाल्यांनो, बेल वाजली तर पार्सल समजून उघडा.