'हवामान करारातून भारताने बाहेर पडावं' : त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या गावच्या ग्रुपवर एकच मेसेज तीनदा आला. तिसऱ्यांदा तो टाकला आमच्या शाळेतल्या सरांनी, ज्यांनी आम्हाला भूगोल शिकवला, त्यामुळे गप्प बसवेना. सर, राग मानू नका. मेसेज मी नीट दोनदा वाचला आणि एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतोय, लांबलंय जरा, पण वेळ काढून वाचा.

ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मेसेज म्हणतो की हवामानाचे करार हा श्रीमंत देशांनी भारताला मागे ठेवायला रचलेला सापळा आहे, सही केली म्हणून आता आपल्याला कोळसा बंद करावा लागणार, असल्या करारांनी जगात आजवर काहीही साधलेलं नाही, कबूल केलेला पैसाही कुणी दिला नाही, अमेरिका बाहेर पडली तर तिचं काय बिघडलं, आपणही पडावं. आणि शेवटी, पर्यावरण हा शास्त्रज्ञांचा विषय आहे, परराष्ट्र धोरणाचा नाही.

आधी सापळ्याचं बघू. श्रीमंत देशांनी धूर केला आणि आता आपल्याला शिकवतात, हा राग अगदी खरा आहे, मलाही येतो. भारतात वर्षाला माणशी साधारण २ टन कार्बन डायऑक्साइड निघतो आणि अमेरिकेत १४ टनांच्या आसपास. पण हा राग जगासमोर पहिल्यांदा कुणी आणि कुठे मांडला? १९७२ साली स्टॉकहोमला पर्यावरणावरची संयुक्त राष्ट्रांची पहिली मोठी परिषद झाली, तिथे यजमान स्वीडनचे पंतप्रधान सोडले तर दुसऱ्या एकाच देशाच्या पंतप्रधान हजर होत्या, इंदिरा गांधी. त्यांनी तिथे सरळ विचारलं की गरिबी हीच सगळ्यात मोठी प्रदूषक नाही का. मग १९९२ च्या रिओ परिषदेत हवामानाचा मूळ करार सहीसाठी आला, त्याच्या वाटाघाटीत भारताच्या बाजूने परराष्ट्र सेवेतले चंद्रशेखर दासगुप्ता होते, आणि जबाबदारी सगळ्यांची असली तरी ती सारखी नाही, ज्याने जास्त धूर केला त्याने आधी आणि जास्त करायचं, हे तत्त्व त्या करारात लिहिलं गेलं. म्हणजे ज्या कागदाला मेसेज सापळा म्हणतो त्याच कागदावर आपलं म्हणणं लिहिलेलं आहे. आपल्याच लोकांनी भांडून लिहून घेतलंय ते. तो कागद फाडून आपण नेमकं कुणाचं नुकसान करणार?

कोळशाचं एका परिच्छेदात संपतं. रिओच्या मूळ कराराखालीच २०१५ ला झालेल्या पॅरिस करारात कुठल्याच देशावर कोळशाची बंदी नाही, प्रत्येक देश आपलं लक्ष्य आपणच ठरवतो आणि ते नाही गाठलं तरी दंड नाही. भारत या करारात २ ऑक्टोबर २०१६ पासून आहे. आणि २०२४-२५ या वर्षात आपण १ अब्ज टनांच्या वर कोळसा काढला, जो आधी कधीच काढला नव्हता. २०२१ ला ग्लासगोच्या हवामान परिषदेत ठरावाच्या मसुद्यात 'कोळसा बंद करत न्यायचा' असं होतं, ते शेवटच्या तासांत भारताने 'कमी करत न्यायचा' असं बदलून घेतलं. जगभर टीका झाली आपल्यावर. मला स्वतःला तो बदल आवडला नव्हता, कारण तेल आणि गॅसचं नाव तिथे कुणी काढलंच नाही आणि आपण मात्र कोळशाचे वकील म्हणून दिसलो. पण बदल करून घेता आला, ही गोष्ट तर खरी ना? जो आत होता त्यालाच तो करता आला.

आता 'करारांनी काहीही साधलेलं नाही'. इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात मोठी चूक इथे आहे आणि खरं उदाहरण आपल्या घरातल्या फ्रीजमध्ये आहे.

फ्रीज, एसी आणि स्प्रेच्या डब्यांत सीएफसी नावाचे वायू असायचे, ते वर जाऊन सूर्याचे घातक किरण अडवणारा ओझोनचा थर खायचे. १९८५ ला अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या छिद्राचा शोध जाहीर झाला आणि दोनच वर्षांत, १६ सप्टेंबर १९८७ ला, हे वायू कमी करण्याचा माँट्रियल करार झाला. भारताने सही केली नाही. चीननेही नाही. आपलं म्हणणं असं होतं की हा वायू वापरला कुणी? आमच्याकडे अजून घरोघरी फ्रीजच पोचलेला नाही, आम्ही आमचे कारखाने बदलायचे तर नवीन तंत्रज्ञान आणि त्याचा खर्च कोण देणार? श्रीमंत देशांनाही कळत होतं की भारत आणि चीन बाहेर राहिले तर उद्या या दोन देशांतल्या फ्रीजच्या संख्येपुढे करार टिकणार नाही. हे आपल्या हातातलं वजन होतं आणि ते आपण वापरलं. १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत, तेव्हा मनेका गांधी पर्यावरण मंत्री होत्या, भारताने तो आग्रह लावून धरला आणि त्यातून विकसनशील देशांसाठी वेगळा निधी उभा राहिला. त्या निधीच्या कार्यकारी समितीत सात श्रीमंत देश आणि सात विकसनशील देश, बरोबरीने. पैसे ज्यांचे त्यांचाच हुकूम, असं तिथे झालं नाही. शिवाय आपल्याला बदल करायला दहा वर्षं जादा मिळाली. मग १९९२ ला भारत करारात आला, आणि ऑगस्ट २००८ पासून, म्हणजे २०१० च्या मुदतीच्याही आधी, दमेकऱ्यांच्या इनहेलरसाठी लागणारा सोडला तर आपण सीएफसी बनवणं बंद केलं.

आणि ओझोनचं काय झालं? तो भरून येतोय. अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास तो १९८० च्या पातळीला येईल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आज जगातले सगळेच्या सगळे देश या करारात आहेत.

गोष्ट तिथे संपत नाही. सीएफसीच्या जागी जे वायू आले ते ओझोन खात नाहीत पण पृथ्वी तापवतात, म्हणून २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीत त्याच करारात दुरुस्ती झाली. तिथे चीनसह बहुतेक विकसनशील देशांनी २०२४ ला वापर गोठवायचं कबूल केलं, आणि भारताने आपलं वेगळं वेळापत्रक मागितलं, आमच्याकडे एसी आत्ता कुठे लागायला लागलेत म्हणून. मिळालं. आपल्याला २०२८ पर्यंत मुदत आहे. उन्हाळ्यात लातूर-परभणीला ४२-४३ च्या वर पारा जातो तेव्हा ही चार वर्षं किती मोलाची आहेत हे मला वेगळं सांगायला नको.

पैशाचा मुद्दा. इथे मेसेज बऱ्यापैकी बरोबर आहे आणि मी त्याची बाजू घेतो. २००९ ला कोपनहेगनमध्ये श्रीमंत देशांनी शब्द दिला की २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू, आणि त्यांच्याच हिशोबाप्रमाणे तो आकडा २०२२ मध्ये गाठला गेला, तोही बराचसा कर्जाच्या रूपात. २०२४ ला बाकूच्या हवामान परिषदेत नवीन आकडा ठरला, २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज, विकसनशील देश मागत होते त्याच्या जवळपासही नाही. अध्यक्षांनी हातोडा आपटून ठराव मंजूर झाल्याचं जाहीर केलं, आणि त्यानंतर भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी उभं राहून सांगितलं की हा दस्तावेज म्हणजे नुसता दृष्टिभ्रम आहे, भारत याला विरोध करतो. ते भाषण ऐकताना मला खूप अभिमान वाटला होता. पण सर, जो देश करारातच नाही त्याला तिथल्या निर्णयात मत नसतं, हे लक्षात घ्या. शब्द पाळला नाही म्हणून आपण भांडायचं सोडून निघून गेलो तर सगळ्यात आनंद कुणाला होईल?

युरोपचा कार्बन कर घ्या, पोलाद, अल्युमिनियम, सिमेंट, खत अशा मालावर लागणारा. तो युरोपचा स्वतःचा कायदा आहे, पॅरिस करारातून तो आलेला नाही, त्यामुळे आपण पॅरिस सोडलं म्हणून तो सुटणार नाही. उलट तो अन्यायाचा आहे हे सांगताना आज आपण ज्या तत्त्वाचा आधार घेतो, सारखी जबाबदारी नसण्याचं, ते रिओच्याच करारातलं आहे.

'अमेरिका बाहेर पडली, तिचं काय बिघडलं?' अमेरिका तेल आणि गॅस विकणारा देश आहे आणि आपण आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. तिचं आणि आपलं हित एक कसं असेल? आणि अमेरिका कशी वागते तेही बघा. १९९७ मध्ये क्योटो करार, म्हणजे श्रीमंत देशांनी धूर कमी करायचा करार, होण्याच्या आधीच त्यांच्या सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी सांगून टाकलं की विकसनशील देशांवर बंधन नसलेला करार चालणार नाही. २००१ ला बुश यांनी क्योटो झटकला. २०१६ ला अमेरिका पॅरिस करारात आली, नोव्हेंबर २०२० ला बाहेर, फेब्रुवारी २०२१ ला परत आत, आणि जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी पुन्हा बाहेर पडायच्या कागदावर सही केली. राष्ट्राध्यक्ष बदलला की शब्द बदलतो. ती जागा रिकामी होते तेव्हा तिथे दुसरं कुणीतरी बसतंच. आपण २०१५ मध्ये फ्रान्सला बरोबर घेऊन आंतरराष्ट्रीय सौर आघाडी काढली, तिचं मुख्यालय गुरुग्रामला आहे. त्या वर्षी पॅरिसला आपले पर्यावरण मंत्री पुण्याचे प्रकाश जावडेकर होते. आणि २०३० पर्यंत वीजनिर्मितीची निम्मी क्षमता कोळसा-तेल-गॅस सोडून करायची असं जे आपण कबूल केलं होतं ते २०२५ मध्येच गाठलं. क्षमता म्हणतोय हां, प्रत्यक्ष वीज अजून जास्त करून कोळशावरच बनते.

राहिला शेवटचा, हा शास्त्रज्ञांचा विषय आहे परराष्ट्र धोरणाचा नाही. सर, असं असतं तर किती बरं झालं असतं. पण २०१७ ला भूतानजवळ डोकलामला भारताचं आणि चीनचं सैन्य समोरासमोर उभं होतं, आणि त्या पावसाळ्यात ब्रह्मपुत्रेच्या पाण्याची जी माहिती चीन तेव्हाच्या करारानुसार आपल्याला द्यायचा ती आली नाही. चीनने कारण दिलं केंद्रांच्या दुरुस्तीचं. पुढच्या वर्षी दोन्ही नेत्यांची भेट झाली आणि माहिती परत सुरू झाली. पूर आसामच्या लोकांच्या दारात येतो. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेच्या संसदेतल्या प्रतिनिधीगृहाच्या तेव्हाच्या सभापती पेलोसी बाई तैवानला गेल्या तर चीनने अमेरिकेशी हवामानावरची बोलणीच थांबवली, ती बालीला दोन्ही अध्यक्ष भेटल्यावर सुरू झाली. रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि उत्तर ध्रुवाभोवतालच्या देशांच्या आर्क्टिक परिषदेचं काम अडलं, कारण रशियाही तिचा सदस्य आहे. क्योटो करार २००५ ला लागू झाला तो रशिया आल्यामुळे, आणि रशियाने होकार द्यायच्या आधी युरोपने त्यांना जागतिक व्यापार संघटनेत यायला पाठिंबा दिला होता. शास्त्रज्ञ मोजतात आणि सांगतात. ते ऐकलं जाईल की नाही, हे दोन सरकारांचं आपसात कसं चाललंय त्यावर ठरतं.

आणि चांगलं चालतं तेव्हा काय होतं ते आपण मराठवाड्याने बघितलंय. सप्टेंबर २०२१, मांजरा धरणाचे दरवाजे उघडले होते आणि नदीकाठची काढणीला आलेली सोयाबीन पाण्याखाली होती, आठवतंय ना. तो पाऊस 'गुलाब' चक्रीवादळाच्या उरलेल्या भागाचा होता. गुलाब हे नाव पाकिस्तानने दिलेलं. उत्तर हिंदी महासागरातल्या वादळांची नावं तेरा देश मिळून देतात, त्यात भारत, पाकिस्तान, बांगलादेश, इराण, येमेन सगळे आहेत, आणि या सगळ्यांना वादळाचे इशारे जातात ते दिल्लीच्या आपल्या हवामान खात्याच्या केंद्रातून. पाकिस्तानशी आपलं काहीही चालू असलं तरी ते जातात. गुलाबचा तो उरलेला भाग मराठवाड्यावरून पुढे गुजरातकडून अरबी समुद्रात उतरला, तिथे त्याचं परत वादळ झालं, त्याला कतारने दिलेलं 'शाहीन' हे नाव मिळालं, आणि ३ ऑक्टोबरला ते ओमानच्या किनाऱ्यावर धडकलं.